आईचं ‘चांगलं शे’

आमच्या आईने आयुष्यात कुठल्याही जेवणाला सरळ चांगलं म्हटलं नाही. लग्नाच्या पंगतीत भरताचा पहिला घास घेतला की तिची भुवई वर जायची. वांगं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलंय की गॅसवर, हे तिला लगेच कळे आणि मग अख्ख्या पंगतीला कळे. मी लाजेने मान खाली घालायची. तिला घेऊन हॉटेलात जाणं म्हणजे हौसेने भांडण विकत घेणं, असं माझं ठाम मत होतं. आता ती नाही. माझ्यासमोर ताट येतं आणि शेजारून टोमणा येत नाही, तेव्हा जेवणावरचं मनच उडतं.

ती असताना मधे एकदा तिचं मोठं आजारपण झालं. सुरतेला उपचार झाले, केस गेले, वजन गेलं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली तशी बाबांनी जाहीर केलं, दोन दिवस सुरतेपलीकडच्या तिथल गावाला समुद्रावर जायचं, आणि हिने चुलीकडे फिरकायचं नाही. सगळी जेवणं बाहेर. घरची शिदोरीसुद्धा बांधायची नाही. आमच्या घरात हे नवलच होतं. आमच्या लोणखेड्याहून आम्ही तिघं सकाळी निघालो.

नवापूरच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी मागवली. शेव भिजून लगदा झालेली, रश्श्याला कच्च्या मसाल्याचा वास. आता मालकाची काही खैर नाही, म्हणून मी आईच्या तोंडाकडे बघत बसले. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “चांगलं शे.” चांगलं आहे म्हणे!

“पाह्य, आवडनं तिले!” बाबा मला म्हणाले. मला मात्र ते खरं वाटेना.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या टपरीत भजी घेतली. आतून कच्ची होती. पुन्हा तेच, “चांगलं शे.” बाबा पाण्याची बाटली आणायला उठले आणि मी तिच्यावर खेकसले, “आई, खोटं कसाले बोलस?”

तिने बाबा लांब गेल्याची खात्री करून घेतली. मग हळूच म्हणाली, “माले काहीच लागत नही, बेटा. समदं मातीसारखं. तुन्हा बाबानी एवढी हौस करीसन माले समुद्रावर आनं, त्यासले कसं सांगू?”

डॉक्टर तिला म्हणाले होते, चव बहुतेक परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही. येईलच असंही नाही. बाबांना यातलं काही सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. आजारी बाईवर आपण ओरडलो, याची मला फार लाज वाटली. समोर समुद्र होता, पण त्याच्याकडे बघायला मन होईना.

दुसऱ्या दिवशी परतताना मला तिखट काही हवं होतं, पण वाटेत एकच साधी खानावळ उघडी दिसली. ताटं आली. आईने डाळीची वाटी उचलली, एक घोट घेतला आणि थांबली. पुन्हा एक घेतला. भुवई वर गेली.

“येनामा गूळ कोनी टाका? ही दाय शे का शिरा?”

सुरतेकडे डाळीत गूळ असतोच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. उपचाराच्या दिवसांत सुरतेत हीच गोड डाळ ती आठवडेच्या आठवडे मुकाट्याने पीत आली होती. मी घास हातात धरून तशीच बसले. आई थांबायला तयार नव्हती. भात गिचका आहे, लोणच्यात तेल कमी आहे, फोडणी जळली आहे. खानावळीचा मालक गल्ल्यावरून उठून आला, बिचारा हात जोडून उभा राहिला.

“तुम्ही बसा, भाऊ,” बाबा त्याला म्हणाले. “तिले बोलू द्या.” मग त्यांनी आईची वाटी स्वतःकडे ओढली, ती गोड डाळ एका दमात संपवली आणि डोळे पुसले.

“तुमले ठाऊक व्हतं?” आईने विचारलं.

“चाळीस वरीस तुन्हा हातनं खायेल शे,” बाबा म्हणाले. “काल तू चांगलं चांगलं म्हने, तं मन्हा घास उतरे ना.”