सहादूचे अकरा निरोप

सहादू भोयेला अकरा वेळा निरोप दिला गेला, आणि अकराव्या निरोपानंतरही तो नाशकातच होता.

गडी मूळचा पेठकडच्या एका पाड्यावरचा. अठराव्या वर्षी नाशकात आला, बिगारी म्हणून लागला. पाच वर्षांत हातात थापी आली. सिडकोतल्या निम्म्या गल्ल्यांत त्याची एखादी तरी भिंत सापडेल. त्याचा एक नियम होता. काम होण्याआधी कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. भिंत उभी राहिली, मालकाने हात लावून पाहिली, की मग चहा. बाकीचे गवंडी सकाळी आल्या आल्या चहा मागायचे. सहादू ओळंबा सोडायचा.

चाळिशी आली तेव्हा तो परदेशी सेवक तयार करणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या प्रशिक्षणाला बसला. शरणपूरच्या बाजूला एका भाड्याच्या बंगल्यात दोन वर्षांचा वर्ग चालायचा. वर्गात नऊ जण होते, त्यातले आठ कॉलेज केलेले. सकाळी पवित्र शास्त्र आणि दुपारी परदेशातल्या राहणीचे धडे. एक अख्खा आठवडा काट्याने भात खायला शिकवण्यात गेला. सहादूने तो आठवडा अर्धपोटी काढला, पण हाताने एक घास घेतला नाही. लेखी परीक्षेत त्याला शंभरात छत्तीस मिळाले. तोंडी परीक्षेत केंद्राचे प्रमुख यादवराव पाळकांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, परक्या देशात पहिल्या दिवशी काय कराल? आठ जणांनी प्रार्थनेपासून सुरुवात केली. सहादू म्हणाला, पाणी कुठं आहे ते बघीन.

तरी निवड त्याचीच झाली. मंगोलियातल्या एका लहान चर्चच्या मंडळीचं पत्र आलं होतं. त्यांना मुलांसाठी वसतिगृह बांधायचं होतं. दिवसा विटा लावील आणि संध्याकाळी वचन सांगील असा माणूस पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. वचन सांगणारे आठ होते. विटा लावणारा एकच होता.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरातली. पासपोर्ट आला होता, व्हिसा यायचा होता. पण डिसेंबरात नाताळची धांदल असते, तेव्हा निरोपाला कुणाला वेळ मिळणार नाही, म्हणून यादवरावांनी निरोप आधीच उरकायचं ठरवलं. पहिला निरोप आपल्या चर्चमध्ये झाला. मग घोटीच्या मंडळीने बोलावलं. दिंडोरीच्या मंडळीला राग आला, म्हणून तिथं. मग महिला मंडळाचा वेगळा, तरुण संघाचा वेगळा. प्रत्येक ठिकाणी भाषणं झाली, कुणीतरी रडलं, आणि सहादूच्या खांद्यावर शाल पडली. पहिल्याच शालीला तो यादवरावांना बाजूला घेऊन म्हणाला होता, "पाळकसाहेब, मी अजून एक वीट लावली नाय." यादवराव म्हणाले की ही मजुरी नाही, प्रेम आहे. प्रेमाला ओळंबा कसा लावायचा ते सहादूला माहीत नव्हतं.

अकरावा निरोप पाड्यावरचा होता. त्यांच्याकडे मजुरीला निघालेल्या माणसाला शिवेपर्यंत पोचवतात आणि फडक्यात नागलीची भाकर बांधून देतात. एकदा भाकर बांधली की काम केल्याशिवाय त्याने शिवेच्या आत पाय टाकायचा नाही. सहादूला भाकर बांधली गेली, वर शालही पडली.

आणि व्हिसाचा अर्ज परत आला.

दोष सहादूचाच. बर्फाच्या देशात जायचंय म्हणून त्याने पंचवटीतल्या स्टुडिओत बर्फाच्या डोंगराचा पडदा मागे लावून फोटो काढला होता. पाठीमागे पांढरा डोंगर नको, नुसतं पांढरं हवं, असं कळवून वकिलातीने कागद परत पाठवले. दुसऱ्यांदा फोटो बरोबर होता, पण तीन ठिकाणच्या तीन सह्या तीन तऱ्हेच्या निघाल्या. वीटकामात असलं काही त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

तर आता सहादूची गत अशी झाली. पाड्यावर त्याला जाता येईना. हातातलं गवंडीकाम तो सोडून बसला होता. आणि चर्चच्या दाराशी पाटीवर ऑइल पेंटने लिहून झालं होतं: परदेशी सेवेत, बंधू सहादू भोये, मंगोलिया. पाटी पुसायची तर पुन्हा रंगवावी लागेल, म्हणून यादवराव म्हणाले, राहू द्या, आज ना उद्या जायचंच आहे. तोवर थंडीची सवय करा. त्यांच्या ओळखीने सहादू दिंडोरीला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजात पेट्या रचायला लागला. तिथला सुपरवायझर चंदर याला त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की मी इथं पगारासाठी कमी आणि थंडीसाठी जास्त आलोय. चंदरने त्याला सगळ्यात आतली खोली दिली. शून्य अंश. सहादूने पेट्यांची थप्पी ओळंब्यात लावली. चंदर म्हणाला की पेट्या उद्या कंटेनरात जाणार आहेत. सहादू म्हणाला की उद्यापर्यंत तरी सरळ राहू देत.

रविवारी तो नाशकात येऊन उपासनेला मागच्या बाकावर बसायचा. पुढे यादवराव परदेशी सेवकासाठी प्रार्थना घ्यायचे. "प्रभू, तुझा दास सहादू आज बर्फात उभा आहे. त्याला ऊब दे." मंडळी आमेन म्हणायची. एप्रिलात पंखा बंद पडला होता आणि सहादूच्या मानेवरून घाम ओघळत होता. ऊब पोचली होती.

लोक त्याला पाहत नव्हते असं नाही. पाहत होते, हात मिळवत होते, आणि डोळे मिटले की त्याला मंगोलियात पाठवत होते. उपासनेनंतरचा चहा कुसाबाईकडे असे. बाई सत्तरीच्या, किटलीचा कान कधी दुसऱ्याच्या हाती न देणाऱ्या. एका रविवारी त्या म्हणाल्या, "सहादू, तुझा कप मी धरला नाय. तू मंगोलियात आहेस."

"मी तरी कुठं मागितला, मावशी," सहादू म्हणाला.

परदेशी सेवकाने महिन्याला पत्र लिहायचं आणि ते मंडळीसमोर वाचायचं असा नियम होता. यादवरावांनी पत्र मागितलं. सहादूला खोटं लिहिता येत नव्हतं, त्याने खरं लिहिलं: मी दिंडोरीला कोल्ड स्टोरेजात आहे. इथं फार थंडी आहे. बोललं की तोंडातून वाफ येते. माणसं चांगली आहेत, कानटोपी घालतात. बऱ्याच जणांना प्रभूचं नाव माहीत नाही. मी रोज दोनशे पेट्या उचलतो, देव बळ देतो.

यादवरावांनी पहिलं वाक्य गाळलं आणि बाकी सगळं जसंच्या तसं वाचलं. महिला मंडळात डोळ्यांना पदर लागले. कुसाबाई उठून म्हणाल्या की एवढ्या थंडीत दोनशे पेट्या, आपण बाराव्या शालीची वर्गणी काढू.

सहादू मागच्या बाकावरून उभा राहिला.

"बारावी नको. मी हितं हाय. कुठं गेलो नाय. पहिल्या अकराच अंगावर जड झाल्यात."

यादवरावांच्या हातातलं पत्र खाली आलं. कुसाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, जणू आत्ताच उतरला बसमधून.

"मग पाच महिने तुला थंडी वाजू नये म्हणून मी गुडघे टेकले, त्या प्रार्थना कुठं गेल्या?"

"दिंडोरीला," सहादू म्हणाला. "तिथं लागल्या. मला एकदाबी ताप आला नाय."

कुणीतरी हसलं. पण सहादू बसला नाही. तो म्हणाला की तुम्ही मला कामाआधी मान दिलात, मी नाही म्हटलं नाही, ही माझी चूक. जाईन तेव्हा जाईन. तोवर काम द्या.

काम समोरच होतं. चर्चच्या आवाराची मागची भिंत दोन वर्षांपासून पडलेली होती. द्राक्षांचा हंगाम संपला आणि मेमध्ये सहादू तिथं आला. बिगारीही तोच, गवंडीही तोच. विटा आदल्या दिवशी भिजवायच्या, सकाळी थर लावायचे, उन्हात माल सुकायच्या आत पाणी मारायचं.

घरी त्याने बायकोला, सुलाबाईला, शाली काढायला सांगितलं. ज्याच्या त्याला परत करतो, काम झालं की द्या म्हणावं. सुलाबाई लोकांच्या गोधड्या शिवायची. तिने ट्रंकेतून एक गोधडी काढून त्याच्यासमोर टाकली. अकराच्या अकरा शाली आत होत्या.

"उसवायच्या तर उसवा तुमी," ती म्हणाली. "महिना शिवलंय मी. टाक्याला टाका बघा."

सहादूने बोट फिरवून टाके पाहिले. सगळे एका मापाचे होते. शाली बिनकामाच्या होत्या, पण ही गोधडी कामाची होती. त्याने ती घडी करून बॅगेत ठेवली.

भिंत छातीला लागली आणि व्हिसा आला. यादवराव फोटोसह पासपोर्ट घेऊन धावत मागच्या आवारात आले. रविवारी पहाटेचं विमान, म्हणजे शनिवारी दुपारी नाशिक सोडायचं. ते म्हणाले, भिंतीचं कुणीही बघेल, तुम्ही तयारीला लागा. शिवाय एक छोटासा निरोप. सहादूने त्यांना विटा द्यायला उभं केलं. चार दिवसांत उरलेले थर झाले. प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखाच्या तळहातांना फोड आले, आणि चौथ्या दिवशी ते स्वतःच ओळंबा धरून एक वीट काढायला सांगत होते.

शनिवारी निरोप झाला नाही. पाटी तशीही खरी होणार होती. आवारात सुलाबाई, यादवराव आणि कुसाबाई एवढेच होते. कुसाबाई भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावत गेल्या. मध्ये एकदा थांबल्या, खांद्याने रेटून पाहिलं. मग आत जाऊन किटली घेऊन आल्या आणि कप भरून सहादूच्या हातात दिला.

त्याने उभ्याउभ्या, सावकाश, बशीसकट संपवला.

बाहेर रिक्षा उभी होती. सुलाबाईने बॅग आत ठेवली आणि शेजारी बसली, बस स्टँडपर्यंत ती जाणार होती. रिक्षा सुरू झाल्यावर सहादूने डोकं बाहेर काढलं. यादवराव रबराचा पाइप घेऊन भिंतीसमोर उभे होते आणि हात हलवायला पाइप कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

"पाळकसाहेब, हात नका हलवू," सहादू म्हणाला. "पाणी मारा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. मागल्या बाजूनंबी."