लोणच्यावर तेल चढलं पाहिजे

शरीरातून कापून काढलेल्या गाठीला ‘कुठून आलीस गं बाई’ असं विचारणारा डॉक्टर अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला असेल, आणि तो माझा ज्युनिअर होता. ज्युनिअर म्हणजे नियमाने. वयाने ते माझ्या वडिलांपेक्षा थोडेच लहान होते. पण रेसिडेन्सीत वय बघत नाहीत, कोण आधी लागलं ते बघतात. नांदेडच्या पॅथॉलॉजी विभागात मी त्यांच्या एक वर्ष आधी लागले, म्हणून मी सीनियर. ज्युनिअरने सीनियरला चहा आणून द्यायचा असतो, असं त्यांना कोणीतरी गमतीने सांगितलं. त्यांनी ते मनापासून मानलं. पहिल्याच दिवशी पांढऱ्या मिशांचे, घरी सुना येण्याच्या वयाचे ते गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. “सर, प्लीज, नको,” मी म्हणाले. “घ्या मॅडम, गार होऊन राहिला,” ते म्हणाले. मला नकार देणं तेव्हा जमत नसे आणि त्यांना नकार ऐकू येत नसे. त्यामुळे पुढची जवळजवळ तीन वर्षं मी न आवडणारा, भरपूर साखरेचा चहा मुकाट्याने प्यायले.

ओळख मात्र जुनी, लातूरची. पीजीच्या प्रवेशपरीक्षेसाठी मी तिथल्या एका अभ्यासिकेत बसत असे. भोवती सगळी बारावीची मुलं. एका रविवारी हे पिशवी आणि डबा घेऊन दारात आले. मालकांनी विचारलं, “कोणत्या मुलाचे पालक तुम्ही?”

“माझाच मी,” ते म्हणाले आणि माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले.

लोह्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ते वैद्यकीय अधिकारी होते आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने अभ्यासाला लातूर गाठत. अभ्यास होई तो परतीच्या गाडीत, कारण अभ्यासिकेत त्यांच्या खुर्चीपुढे रांग लागायची. मेसच्या जेवणाने कोणाचं पोट बिघडलेलं, कोणाला ताप, कोणाला नुसतंच घर आठवून रडू येत असलेलं. “आ कर,” “जीभ दाखव,” “आईला फोन लावला का?” असं कुजबुजत चाललेलं असे. मी मान खाली घालून वाचत असल्याचं दाखवायची. मी कोणाशीही बोलत नसे. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत. त्यातून मी इंग्रजी शिकले की बोलायचंच नाही हे शिकले, मला अजून कळलेलं नाही. पॅथॉलॉजीच घ्यायची हे मी ठरवलं होतं, कारण तिथे पेशंट येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात, आणि तुकडे काही विचारत नाहीत.

तेही पॅथॉलॉजीच म्हणत होते. कॉलेजांचे पसंतीक्रम ऑनलाइन भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला मदतीला बसवलं. लोक शंभर-शंभर पर्याय भरतात. यांनी एकच सांगितला. नांदेड, पॅथॉलॉजी.

“सर, एकच? रिस्की आहे.”

“लग्नाला उभं राहताना नवऱ्या किती लिहितेत?” ते म्हणाले. “बटण दाब, माय.”

त्या वर्षी मला नांदेड मिळालं आणि त्यांना काहीच मिळालं नाही. पुढच्या वर्षीही त्यांनी तोच एकटा पर्याय भरला आणि तेव्हा तो मिळाला.

हा हट्ट कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका तरुण बाईच्या छातीतली गाठ त्यांनी काढली. तपासणीसाठी असा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून पाठवायचा असतो, नाहीतर तो सडतो. केंद्रात फॉर्मालिन संपलं होतं. यांनी सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, बाटलीत ओतलं आणि ती नांदेडला पाठवली. उत्तर आलं की नमुना कुजला आहे, निदान करता येत नाही. पुन्हा तुकडा घ्यायला यांनी निरोपावर निरोप पाठवले. बाई माहेरी गेली होती, मग आणखी कुठे, ती काही सापडली नाही.

“काय झालं होतं तिला?” मी विचारलं होतं.

“तेच तर माहीत न्हाई,” ते म्हणाले. “तवापासून वाटतंय, बाटली जिथं जाते तिथं एकदा आपण बी जाऊन बसावं.”

त्याच बोलण्यात त्यांनी डोळ्यांचंही सांगितलं. शुगर जुनी, डाव्या डोळ्याचा पडदा गेल्यात जमा. उजवा हैदराबादला लेसर मारून मारून टिकवलेला. एमडीच्या शेवटी परीक्षकांसमोर काचेवरचे नमुने स्वतःच्या डोळ्यांनी ओळखून दाखवावे लागतात. “तेवढ्या परीक्षेपर्यंत उजव्यानं साथ दिली की झालं. मग त्यानं निवृत्ती घेतली तरी माझी ना न्हाई.” ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. चहाच्या टपरीपासून विभागप्रमुख मॅडमपर्यंत सगळ्यांना सांगितली. पण ते प्रत्येक गोष्ट अशा सुरात सांगत की ऐकणारा हसे. त्यातून अर्धापूरची केळी घडानं आणून वाटत, एक स्वतः सोलत आणि म्हणत, “ह्या केळात साखर नसती, नुसता गोडवा असतो.” अशा माणसाचा डोळा खरोखर जाऊ शकतो, यावर कोण विश्वास ठेवणार?

तर असे ते विभागात आले आणि विभागाची शिस्त गेली. बादलीतून थायरॉइडची गाठ यायची, ती हातात घेऊन हे विचारणार, “कुठून आलीस गं बाई? कंधारहून? एसटीत जागा मिळाली का?” मग रिपोर्ट तयार झाला की वॉर्डात जाऊन त्या गाठीच्या मालकिणीला भेटून येणार. तिची खाट शोधणार, बसणार, मुलंबाळं विचारणार. मॅडम एकदा चिडून म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही पॅथॉलॉजीला लागला आहात, पाहुणचाराला नाही.” हे नम्रपणे म्हणाले, “हाव मॅडम. पण घरातली वस्तू आपल्याकडं ठेवून घेतली तर मालकाला तोंड दाखवाया नगं का?”

आमच्या पाठ्यपुस्तकांतले रोग साहेबांच्या स्वयंपाकघरातून आलेले आहेत. यकृतातल्या गळवाच्या पुवाला तिथे अँकोव्ही सॉस म्हणतात, कसल्याशा खाऱ्या माशाचा. मी इतकी इंग्रजी शाळेतली, पण मीही तो सॉस कधी पाहिलेला नव्हता. यांनी भर सेमिनारमध्ये सांगितलं की हा पू येसराच्या दाट, तपकिरी आमटीसारखा दिसतो, आणि सगळ्या हॉलला तो एकदम दिसला. त्या दुपारी कोणी आमटी खाल्ली नाही. “परीक्षकांसमोर येसर म्हणू नका,” मॅडमनी बजावलं. “मॅडम, परीक्षक बी जेवतच असतील की,” ते म्हणाले.

त्यांचा खरा छंद मात्र फोनचा. कुठल्या ग्रामीण केंद्रातून मिठाच्या पाण्यातली बाटली आली, किंवा फॉर्मालिन तळाशीच आणि तुकडा वर उघडा असं दिसलं, की ते हातमोजे काढून आधी फोन लावत. “अहो डॉक्टर, तुमच्या घरी लोणचं कसं घालतेत? पाण्यात? फोडी बुडून वर चांगलं तेल चढलं पाहिजे का न्हाई? मग ह्या तुकड्यानं तुमचं काय घोडं मारलंय?” रागावणं नाही, पण पलीकडचा डॉक्टर ते जन्मभर विसरत नसे. मला फोनची भीती वाटे. माझी पाळी असली की मी नंबर काढून त्यांच्यापुढे सरकवायची.

माझं तोंड उघडलं ते दोन माणसांच्या मायक्रोस्कोपवर. एकाने काच सरकवायची आणि समोरासमोर बसून दोघांनी एकच दृश्य पाहायचं, अशी ती सोय असते. नेमकी पेशी दाखवायला आत एक उजेडाचा बाण फिरवता येतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा मी डोळ्यांच्या अंतराप्रमाणे जवळ ओढलेली माझ्या बाजूची भिंगं त्यांनी पाहिली. “एवढी जवळ? तुझे दोन डोळे एकाच खोलीत राहतेत काय गं?” पहिलं वर्ष ते माझ्याबरोबरीने पाहत आणि भांडत. दुसऱ्या वर्षी कधीतरी म्हणाले, “तू बाण फिरवू नको. तोंडानं सांग, काय दिसून राहिलं.” मी पुटपुटले. “मोठ्यानं. पेशी काय उठून पळणार हायेत?” मग मी सांगायला लागले. आधी पुस्तकातलं, मग त्यांना पुस्तकातलं चालेना म्हणून घरातलं: इथे केंद्रकं मोहरीसारखी काळी, गच्च, इथे कडेला साबुदाणा भिजल्यासारखं. ते डोळे भिंगाला लावून ऐकत, मधूनच “पुढं” म्हणत. सगळ्यांना वाटे, म्हातारा ज्युनिअर सीनियरची तोंडी परीक्षा घेतोय. काही दिवस मलाही तसंच वाटलं. मग लक्षात आलं की मी काच सरकवायची थांबले तरी ते “पुढं” म्हणतात. हैदराबादच्या फेऱ्या वाढल्या होत्या. मी फक्त आवाज थोडा आणखी मोठा केला.

माझं एमडी झालं आणि मी तिथेच सीनियर रेसिडेंट म्हणून राहिले. त्यांची परीक्षा काही महिन्यांवर आली होती. तेव्हा एक बाटली आली, त्यांच्याच जुन्या केंद्रातून. तरुण मुलगी, छातीत गाठ. त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, डोळ्याजवळ नेली, मग बोटाने काचेवर पातळी चाचपली. “तेल चढलंय का गं वर?”

“चढलंय सर. काठोकाठ.”

“नवीन पोरगं हाय तिथं,” ते म्हणाले. “पावसाळ्यात लई बोललो होतो त्याला.”

काच तयार झाली त्या दुपारी आम्ही समोरासमोर बसलो. नेहमीप्रमाणे ते म्हणाले, “सांग.” मी काच सरकवली आणि बोलायच्या आधी सहज वर पाहिलं. त्यांचे डोळे भिंगाला नव्हते. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते, हात मांडीवर.

“आज सकाळपासून उजवा बी लाल पडदा ओढून बसलाय,” ते म्हणाले. या वेळी त्या सुरात हसू नव्हतं. “सांग तू.”

मी पुन्हा भिंगाला डोळे लावले. मग बोलले. फटी आहेत, म्हटलं, काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा, लांब, अरुंद. फटींच्या काठाने पेशी दोन ओळींत, पंगतीला बसल्यासारख्या. कोणी ओळ मोडून उठलेलं नाही. मधली जागा मऊ, सैल. गाठीची कड गुळगुळीत आहे, कुठे आत घुसलेली नाही.

“सगळीकडं बघितलंस? कोपरे?”

“सगळीकडे.”

“केंद्रकं?”

“शांत आहेत, सर.”

ते खुर्चीत पुढे झाले. “फायब्रोअॅडेनोमा. साधी गाठ हाय. पोरगी सुटली.” मग म्हणाले, “काच मॅडमला दाखवून ये. मग फोन लाव त्या पोराला. मी न्हाई. तू लाव.”

मॅडमनी पाहिलं, मान डोलावली. मी फोन लावला. गाठ साधी आहे, आणि बाटली काठोकाठ भरली होती, एवढं त्या डॉक्टरला सांगितलं. मी फोन ठेवला तेव्हा हे मिशीवरून हात फिरवत होते. “दोन ओळींत पंगत,” ते स्वतःशीच म्हणाले. “दिसली मला.”

परीक्षेला ते बसले नाहीत. हैदराबादला ऑपरेशन झालं, दुसरं झालं, पडदा जागेवर राहिला नाही. विभागातून निघाले त्या दिवशी मुलगा न्यायला आला होता. जाण्याआधी त्यांनी मला हाताने खुणावून बसवलं आणि भिंतीचा आधार घेत जाऊन, वाटेत थोडा सांडत, चहा आणून दिला. “शेवटचा, मॅडम.” तसाच, भरपूर साखरेचा. तो मी हळूहळू प्यायले.

आता मी लातूरला आहे, दुसऱ्या एका विभागात. रविवारी त्यांना फोन करते. ते विचारतात, “काय काय आलं ह्या आठवड्यात?” आणि मी नावं वगळून सांगत बसते. अलीकडे ते “पुढं” म्हणायचं विसरतात. कधी कधी फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहतो. मी सांगत राहते.

परवा निलंग्याकडून एक बाटली आली, सलाइनमधली. सगळे आपापल्या कामात होते. मी हातमोजे काढले, नंबर काढला. सरकवायला समोर कोणी नव्हतं. पलीकडे अगदी नवखा आवाज होता.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “तुमच्या घरी लोणचं पाण्यात घालतेत का?”

तो गडबडला. मी त्याला सगळं समजावलं, फोडी, तेल, वर चढलेली पातळी. पुन्हा तुकडा घ्यायला त्या बाईला आजच निरोप धाडा, म्हटलं, उद्यावर टाकू नका. तो हाव-हाव म्हणत ऐकत होता. शेवटी थोडा धीट होऊन त्याने विचारलं,

“मॅडम, बोलण्यावरून तुम्ही लोह्याकडच्या का?”

मी लातूरची. लोह्याला मी कधी उतरलेलीही नाही.

“हाव,” मी म्हणाले.