ती सही माझी नव्हती

बँकेतली बरीच वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात घालवली. एका हाताला नमुन्याचं कार्ड, दुसऱ्या हाताला समोर आलेला कागद. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात लेकीने मला साक्षीदार म्हणून सातवीच्या वर्गात नेलं.

लेक इथे कोलकात्यात वकिली करते. सियालदहजवळच्या एका शाळेने तिला बोलावलं होतं, मुलांना कोर्टातल्या कामांची ओळख करून द्या म्हणून. "बाबा, या वयातली मुलं भाषण ऐकत नाहीत, भांडण ऐकतात," असं म्हणून तिने वर्गातच कोर्ट भरवलं. खटला साधा होता. एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावरची आईची सही खरी, की मुलीनेच ठोकलेली?

वकील व्हायला निम्म्या वर्गाने हात वर केले. "मग खटला पुकारणार कोण?" लेकीने विचारलं. "साक्ष टिपून घेणार कोण? बंगालीत दिलेली साक्ष इंग्रजीत कोण सांगणार?" थोड्याच वेळात लघुलेखकाच्या खुर्चीसाठी दोघींची झोंबाझोंबी सुरू झाली. मागच्या बाकावर बसून मी बघत होतो. काळ्या कोटाशिवायही कोर्टात माणसं लागतात, हे माझ्या लेकीने त्यांना न शिकवता शिकवलं होतं.

मग तिने माझी ओळख करून दिली. "हे माझे बाबा. माझ्या लॉ कॉलेजच्या फॉर्मवर यांनी सही केली, म्हणून मी आज इथे आहे."

ही गोष्ट ती सगळीकडे सांगायची. इथल्या मराठी मंडळींत गणपतीच्या दिवसांत मीही ती सांगितली आहे, चार चार वेळा.

उलटतपासणीला दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. लेकीचा वकिलीचा गाऊन तिच्या पायांखाली लोळत होता. "घाबरू नका हं, दादू. फक्त खरं बोला," बंगालीत आजोबांना म्हणतात तसं दादू म्हणत ती बोलली आणि वर्ग हसला.

"खोटी सही तुम्हाला ओळखता येते?"

"येते."

"ओळखल्यावर काय करायचात?"

"कागद परत पाठवायचो."

"कधी ओळखूनही गप्प बसलात?"

न्यायाधीशाच्या खुर्चीतून लेक म्हणाली, "हा प्रश्न खटल्याबाहेरचा आहे."

"पण साक्षीदार भरवशाचा आहे का, ते नको बघायला?"

लेकीच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "बरोबर आहे. बाबा, उत्तर द्या."

नाही म्हणणं सोपं होतं. पण ती पोरगी माझ्याकडे अशी टक लावून बघत होती, की मी म्हणालो, "हो. एकदा."

"कोणाची सही होती?"

"माझीच. मी न केलेली."

आणि मग मी सगळं सांगितलं. आम्ही तेव्हा बराकपूरला राहायचो. मुलीच्या जातीने कोर्टाची पायरी चढायची नाही, बँकेची परीक्षा द्यायची, असं बजावून मी तो फॉर्म कपाटात कुलूपबंद केला होता. माझ्या बायकोने तो काढला, माझ्या नावाची सही केली आणि धड बंगाली येत नसताना लोकलने सियालदहला येऊन, विचारत विचारत कॉलेजात नेऊन दिला. लेकीला मात्र सांगितलं, बाबांनी सही केली. त्या संध्याकाळी लेक माझ्या पाया पडली. तिच्या हातात फॉर्मची प्रत होती. सही मी बघताक्षणी ओळखली. तरी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बायकोचं श्रेय घेऊन बसलो. बायको जाईपर्यंत आमच्यात त्यावर एक शब्द निघाला नाही.

लेकीने मान खाली घातली होती. मग ती शांतपणे म्हणाली, "साक्ष वाचून दाखवा." कोर्टात तशी रीत आहे; टिपलेलं साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि मग त्याची सही घेतात. लघुलेखक मुलीने अडखळत सगळं वाचलं. 'कुलूपबंद' हा शब्दही तिने सोडला नव्हता. मी खाली सही केली. ही सही माझी होती.

परतताना लेक म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत फिरले, बाबा! आणि आई समोर बसून ऐकत असायची."

"हो."

"तुम्हाला कशावरून कळलं, आईची सही आहे म्हणून?"

"मी शेवटच्या अक्षरापाशी पेन उचलतो. तिने न उचलता एका दमात ओढली होती. फार ठाम हात होता तिचा."

लेकीने डोळे पुसले. हसलीही. "कोर्टात उभी राहायला हवी होती ती."

पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या एका शाळेचं बोलावणं आलं. मला पुन्हा साक्षीदार म्हणून नेलं. ओळख करून देताना ती म्हणाली, "माझा फॉर्म माझ्या आईने भरला. हे माझे बाबा, यांना खोटी सही ओळखता येते." मुलं हसली. मी ताठ मानेने साक्षीला उभा राहिलो.