आबांना सुट्टी मिळाली तेव्हा

आबा नामांतराच्या बंदमुळं गेले, असं पिशोरात आमच्या भावकीत अजून म्हणतात. मी कधी कुणाला खोडून काढलं नाही. गप्प बसणं सोयीचं होतं, म्हणून बसलो. पण बंद एकच दिवस होता, आणि सुट्टी मिळालेले आबा चार दिवस दवाखान्यात बसून होते.

मी तेव्हा वाळूजला एका कारखान्यात टेंपररी होतो आणि बजाजनगरात तिघांत एक खोली करून राहत होतो. माझे वडील, म्हणजे आबा, गावाकडं मेंढरांमागं असायचे. पौषातल्या थंडीत त्यांना निमोनिया झाला आणि मी त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात आणून टाकलं. तो दवाखाना आता नाही. दहा दिवसांत ताप उतरला, भाकरी जायला लागली, मेंढीचं पोट फुगलं तर काय पाजावं हे ते सिस्टरला न विचारता सांगू लागले. शुक्रवारच्या राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले की बाबा बरे झाले, उद्या घेऊन जा. मी हरखून गेलो आणि कागद हातात पडायच्या आधीच आबांना सांगून मोकळा झालो.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन हिंडणारं. रानात मुक्काम पडतो त्याला आम्ही वाडा म्हणतो. वाडा उठला, बिऱ्हाड घोड्यावर चढलं, की त्या जागी पुन्हा पाठ टेकायची नाही. मग घोडं लंगडो नाहीतर आभाळ फाटो, चार पावलं का होईना, पुढं सरकूनच बसायचं. हे मला बोलता यायला लागलं तेव्हापासून माहीत होतं.

शनिवारी सकाळी आबांनी आंघोळ केली, पटका बांधला, घोंगडीची वळकटी केली, खाटेला हात लावून नमस्कार केला आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. तासाभरात त्या खाटेवर दुसरा पेशंट आला. नामांतराच्या मोर्चात लाठीमार झाला होता, त्यात खांदा मोडलेला माणूस. त्याच दिवशी शहर बंद झालं, एसटीही बंद. पण खरी अडचण वेगळीच होती. डिस्चार्ज कार्डावर सही फक्त मोठ्या डॉक्टरांची चालायची, आणि ते कार्डावर सही न करताच पुण्याला लग्नाला निघून गेले होते. कार्डाशिवाय पुढच्या महिन्याची औषधं मिळत नव्हती आणि गेटवरचा वॉचमन बाहेर सोडत नव्हता. केसपेपर तर कधीच ऑफिसात जाऊन पडला होता. त्यामुळं वॉर्डाच्या लेखी आबा घरी गेलेले आणि ऑफिसच्या लेखी अजून वॉर्डात. त्यांना गोळी कुणी देईना, की चहा कुणी विचारीना.

रविवारी एसटी सुरू झाली. सही नव्हती. मी ऑफिसात हात जोडले, मग भांडलो, मग पुन्हा हात जोडले. क्लार्कचं एकच पालुपद, साहेब आले की होईल. खांदा मोडलेल्या माणसाला हे सगळं दिसत होतं. तो स्वतः उठून व्हरांड्यात आला आणि आबांना म्हणाला, "बाबा, तुमी पडा खाटंवर. मी खाली टाकतो अंथरूण."

आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "नाय रं बाळा. उठलेल्या वाड्यावर परत बसत नसतेत आमी."

त्या माणसानं एवढं केलं, आणि भावकीत त्याच्या लोकांना शिव्या घातल्या जातात तेव्हा मी मान खाली घालून ऐकतो. याची मला लाज वाटते.

व्हरांड्याला एका बाजूनं भिंतच नव्हती. वारा सरळ बाकावर यायचा. आबा घोंगडीसुद्धा सोडेनात, कारण बांधलेलं बिऱ्हाड त्या जागी सोडायचं नसतं. सोमवारी त्यांना खोकला लागला. सिस्टर माझ्यावर करवादली, म्हणाली, म्हाताऱ्याची छाती पुन्हा भरेल, खाटेवर निजव त्याला. मला चारचौघांत अपमान झाल्यासारखं वाटलं आणि तो राग मी आबांवर काढला. "हट्ट सोडा आता. ह्यो काय गावचा माळ हाय व्हय?" आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि पटका नीट केला. मी तरातरा पाणी आणायला निघून गेलो.

मंगळवारी सकाळी त्यांचा श्वास पुरेना. सिस्टरनं वॉर्डबॉयला हाक मारली आणि दोघांनी त्यांना उचलून पलीकडच्या वॉर्डात नेलं, व्हरांडा ओलांडला की लगेच दार. आता हे हातपाय झाडतील, नाही म्हणतील, असं धरून मी मागं चाललो होतो. खिडकीजवळच्या खाटेशी आले तसे आबा आपणहून आडवे झाले. वळकटी त्यांनी मला सोडायला लावली. घोंगडी अंगावर ओढून दमत दमत म्हणाले, "हितं चालतंय. ही जागा नवी हाय."

दुपारी मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी आधी साचलेल्या सह्या केल्या. क्लार्कनं मला शोधत येऊन कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं, प्रकृती सुधारली, घरी सोडले. आबा दिवस मावळताना गेले.

ती खिडकीजवळची खाट शनिवारपासून रिकामी होती. मी रोज तिच्या उशाजवळच्या नळावर आबांचा तांब्या भरत होतो.