ताईची मोजणी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याचा लिलाव लागण्याची वाट पाहत उभा होतो. "संजू, सुनीता गेली..." एवढंच बोलले ते. नागपूरला सकाळी ऑफिसला निघताना तिला भोवळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भरलेली गाडी ओळखीच्या माणसाच्या हवाली करून मी निघालो. या गोष्टीला आता महिना उलटला. रडून झालं आहे. आता मला माझ्या बहिणीबद्दल जरा तोऱ्यात बोलायचं आहे, आणि कोणाला ती बढाई वाटली तर खुशाल वाटो.

सुनीताताई माझ्याहून मोठी. घर आमचं सौंसरला, बाग बोरगावला. बागेत संत्री तोडायला नेली की ही निम्मी पोटात घालायची आणि माल कमी भरला की बाबांसमोर माझं नाव पुढे करायची. छिंदवाड्याला कॉलेज झालं आणि ती नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. दवाखान्यांची बिलं काढणारे प्रोग्रॅम ती कंपनी बनवते. तिथले जुने लोक देशमुख सरांच्या हाताखाली जुन्या भाषेत कोड लिहायचे. ताईने नवी भाषा शिकून पोरापोरींची एक नवी टीम उभी केली. सणाला घरी आली तरी तिच्या टीमचे फोन वाजत राहायचे आणि माय कुरकुरायची.

मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई काही दिवस सौंसरला राहूनच काम करत होती. बैठकीच्या खोलीत लॅपटॉप मांडलेला, बाजूला संत्र्यांची टोपली.

"काय करून राहिली वं ताई?" मी विचारलं.

"मोजून राहिली. आमच्या कंपनीचा सारा कोड कोणकोणत्या भाषेत लिवला हाये, ते साहेबाले पायजे."

"मराठीत किती निघाला मंग?"

तिने संत्र्याची साल माझ्या अंगावर फेकली. मग नीट समजावून सांगितलं. कंपनीच्या प्रत्येक प्रोग्रॅमचा कोड आपापल्या कोठारात असतो, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. अशी सगळी कोठारं उघडून कोणत्या भाषेच्या किती ओळी आहेत ते एका प्रोग्रॅमकडून मोजून घ्यायचं होतं. ज्या भाषेचा वाटा मोठा, तिची टीम मोठी करायची आणि त्या टीमच्या माणसाला सगळ्यांच्या वर हेड करायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं. म्हणजे एक तर देशमुख सर, नाहीतर आमची ताई. आणि मोजणीचं काम ताईकडेच!

पहिली मोजणी झाली. ताईची भाषा निम्म्याहून जास्त निघाली. साहेबांनी फोनवर आगाऊ अभिनंदनही करून टाकलं. मी पेढे आणले, मायने पलंगावर बसल्या बसल्या अख्ख्या गल्लीला कळवलं. फक्त ताई पेढा हातात धरून लॅपटॉपकडे बघत बसली होती.

"एवढं तं आमी लिवलंच नाही रे," ती म्हणाली.

आणि बाई पुन्हा कामाला लागली. एकेक कोठार उघडून बघायला लागली. तेव्हा कळलं की तिच्या टीमच्या कोठारांत दुसऱ्यांनी लिहिलेला, फुकट मिळणारा तयार कोड भरून पडला होता. तो वापरायला हरकत नव्हती, सगळेच वापरतात. पण मोजणाऱ्या प्रोग्रॅमने तोही ताईच्या टीमच्या नावावर धरला होता. ताईने तो वगळून पुन्हा मोजणी लावली. तिचा वाटा पार खाली आला आणि देशमुख सरांची जुनी भाषा वर गेली.

माझं डोकंच फिरलं. "अवं, कोनाले समजनार हाये?"

"मले समजलं ना," ती म्हणाली. "शेजाऱ्याची संत्री आपल्या ढिगात पडली म्हणून आपली बाग मोठी होते काय? तूच सांग, बागाईतदार."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिने दोन्ही मोजण्या साहेबांपुढे ठेवल्या आणि खरी कोणती तेही सांगितलं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. हेड देशमुख सर झाले. ताई त्यांच्या हाताखाली शेवटपर्यंत हसतखेळत राहिली. मी मात्र पुढचे कितीतरी महिने धुसफुसत होतो.

तेरवीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या मुलांनी आपणहून वर्गणी काढून चौकात मोठा फ्लेक्स लावला. ताईचा हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत नाव व "सॉफ्टवेअर कंपनीच्या हेड". गल्लीच्या डोक्यात मायने सांगितलेली पहिलीच बातमी पक्की बसली होती. मुलांनी एवढ्या मायेने केलेलं, म्हणून आम्ही कोणी हरकत घेतली नाही; माय तर अजून चौकात गेलीच नव्हती. मनातून मला ते बरंच वाटत होतं, निदान फ्लेक्सवर तरी मिळालं तिला. तेरवीला नागपूरहून देशमुख सर आले. चौकात उभे राहून त्यांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "राहू द्या, संजयभाऊ. तेच खरं आहे."

तेवढ्यात माय काठी टेकत आली. "काय लिवलं हाये?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं.

"ते झाका," माय म्हणाली. "माही पोरगी हेड नव्हती. होऊ शकत होती, अन् तिनं नाही म्हटलं. तिच्या फोटोखाली खोटं नाही पायजे मले."

मुलांनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. देशमुख सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेरवी झाल्यावर फ्लेक्स उतरवून आम्ही बैठकीत लावला, ताई जिथे लॅपटॉप मांडून बसायची त्या भिंतीवर. फोटोखाली तिचं नाव आहे आणि नावाखाली ती कोरी पट्टी. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, पट्टीखाली काय आहे? सांगायला मी तोंड उघडतो, पण माय मला बोलू देत नाही. ते तिलाच सांगायचं असतं.