तडजोडीचे पेढे

मित्रहो, किस्से कोणी गोळा करत नाही. सुताच्या कारखान्यातील बारीक तंतूंप्रमाणे ते आपोआप साचतात. दिवसभर हवेत तरंगतात, दिसत नाहीत. संध्याकाळी सदरा झटकला की उन्हाच्या तिरिपीत सगळे एकदम चमकतात!

सायली गावच्या सुताच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी जवळच्या आमली गावातील महिला मदत केंद्रात बसतो. माझी शाळा लवकर सुटली, वाचन सुटले नाही. कायद्याची पुस्तके मी स्वतःच वाचून समजून घेतली. म्हणून तेथे मला 'कलमवाले आप्पा' म्हणतात. केंद्र चालवतात लतावहिनी, निवृत्त परिचारिका. दुपारी त्या खोलीत निळसर उजेड असतो, पंखा संथ फिरतो, बायका हलक्या आवाजात बोलतात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, येथे कोणी गोष्ट सांगून मुलांना निजवत आहे.

हे किस्से संगीताचे. ती धुळ्याकडची, नवरा प्रवीण सायलीत मशीन ऑपरेटर. तो मारायचा, माफी मागायचा आणि पुन्हा मारायचा. तो पुन्हा जवळ येऊ नये, एवढेच तिचे मागणे होते. मी लिहितो आहे तेही तिच्याच परवानगीने. "लिवा आप्पा," ती म्हणाली, "लपवायचं तर त्यानं लपवावं!"

*

आमच्या केंद्रात समेटाच्या बैठकीचा एक रिवाज होता. नवराबायकोची तडजोड झाली की नवऱ्याने पेढे वाटायचे. पहिल्या वेळी आम्ही प्रवीणचे पेढे ओल्या डोळ्यांनी खाल्ले. पुढच्या वेळीही खाल्ले. त्यानंतर प्रवीणने पुन्हा बॉक्स उघडला, तेव्हा लतावहिनींनी झाकण लावले.

"वहिनी, तोंड गोड करा की! नवी सुरुवात आहे."

"प्रवीणभाऊ, लग्न एकदाच केलंत ना? मग सुरुवात किती वेळा करणार?"

बैठकीतले एक मधुमेही काका पुटपुटले, "यांच्या संसारात माझी साखर वाढली!"

सगळे हसले, मी हसलो नाही. पेढा जिभेवर विरघळतो, तसा मागचा मार आमच्या स्मरणातून विरघळत होता. प्रत्येक मार पहिलाच ठरत होता.

*

त्या रात्री माझ्या मनात एक मसुदा तयार झाला: कायदा अधिक कडक कसा करावा. सकाळी तो मी बायकांना वाचून दाखवला. पहिले वाक्य, मला अभिमानाने सांगावेसे वाटते, अत्यंत निर्दोष होते. फक्त जरा लांब होते.

"आप्पा," लतावहिनी म्हणाल्या, "तुमचं वाक्य संपेपर्यंत त्यानं दोनदा मारलं असतं!"

मी ते छाटले. उरले एवढेच: 'दुसरी वेळ पहिली मानू नये, मारणाऱ्याने घराबाहेर जावे.' याहून चांगले वाक्य मी आजवर लिहिलेले नाही.

*

संगीताने अर्ज केला आणि न्यायालयाने संरक्षण आदेश दिला. प्रवीणने खोली सोडायची, संगीताच्या जवळ यायचे नाही. आता अडले गुजराती घरमालक जयंतीभाई. त्यांच्या चाळीत प्रत्येक खोली पुरुषाच्याच नावाने दिली जाते.

"आप्पा, कोर्ट भले कहे, पण रूम तो प्रवीणभाईना नामे छे!"

मी समजावले, "नाव कोणाचेही असो. बायको ज्या घरात नांदते, तेथे राहण्याचा तिला हक्क आहे. तिला घराबाहेर काढता येत नाही."

जयंतीभाईंनी इकडेतिकडे पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मारी घरवाळीने आ वात कहेता नहि हं!" म्हणजे, त्यांच्या बायकोला हे कळू द्यायचे नाही.

*

प्रवीण मित्राच्या खोलीवर राहायला गेला. एके दिवशी केंद्रात त्याचा फोन आला. "वहिनी, ऑर्डरमध्ये मारायचं नाही असं लिहिलंय. ओरडलं तर चालतं का?"

"प्रवीणभाऊ, ही काय कंपनीची शिफ्ट आहे, सवलत मागायला?"

*

मग तो चाळीच्या कोपऱ्यावर उभा राहू लागला. नुसता उभा. संगीताने दाराला कडी घातली आणि मला कळवले. मी पोलिसांना फोन लावला.

"मारा क्या?" पलीकडून प्रश्न आला.

"नहीं. अभी सिर्फ खड़ा है."

"तो अंकल, मारे तब फोन करना!"

मी शांतपणे सांगितले की आदेश मोडणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे, आणि कलमही सांगितले.

"अंकल, आप वकील हो?"

"नहीं. वाचक हूँ."

गाडी आली! प्रवीण मात्र तोवर निसटला होता.

*

हिवाळ्यात आम्ही केंद्रातल्या बायकांना घेऊन सहलीसाठी दुधनीला गेलो. जलाशयावर धुके होते. होडी पाण्यात आहे की ढगात, कळत नव्हते. संगीता नावाड्याशेजारी बसली होती.

परतताना धुक्यातून काठ वर आला आणि काठावर प्रवीण.

"संगीता, उतर. घरी चल. शेवटचं सांगतो."

मी फोन काढला, रेंज नव्हती. मी कलम आठवू लागलो.

"आप्पा, कलम नंतर," लतावहिनी कुजबुजल्या. नावाड्याने वल्हे थांबवले.

संगीता उभी राहिली. होडी डुलली, वहिनींनी तिचा पदर धरून ठेवला.

"मागं सरक," ती म्हणाली.

तो हसला.

"मागं सरक!" या वेळी सगळी होडी म्हणाली. तो आवाज पाण्यावरून गेला, डोंगराला लागला आणि परत आला. काठावर जाळी निवडत बसलेले कोळी एकेक करून उठले आणि त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

प्रवीण एक पाऊल मागे गेला.

"अजून."

तो चढावर गेला.

"अजून!"

तो टपऱ्यांच्या पलीकडे, रस्त्यापर्यंत गेला. धुक्याने आधी त्याचे पाय नेले, मग खांदे, मग सगळाच.

नावाड्याने विचारले, "ताई, लावू का काठाला?"

संगीता खाली बसली. तिने हात पाण्यात सोडला.

"नको दादा," ती म्हणाली, "अजून एक फेरी मारा."