काटा वर यायला वेळ लागतो

अन्याय माझ्या चुलत्यांवर झाला. बहात्तरच्या उन्हाळ्यात, काष्टीच्या बाजाराच्या दिवशी, भरदुपारी. ते रेडिओ दुरुस्त करत. पोलिसांच्या वायरलेसमध्ये शिट्टी घुसते, अशी तक्रार होती. म्हणून तपासणी अधिकारी जीपमधून यंत्र घेऊन आले. रेडिओ जुळवायला चुलते लहरी सोडणारं एक छोटं उपकरण वापरत, ते टेबलावर चालूच होतं. यंत्राचा काटा उठला. "सापडला चोर!" साहेब म्हणाले.

मी पुण्यात रेडिओचंच शिकत होतो, सुट्टीत दुकानावर आलो होतो. म्हटलं, "साहेब, यंत्रातली लहरींची गाळणी रुंद ठेवलीय तुम्ही. शेजारशेजारचे दोन आवाज, हा आणि ती शिट्टी, तिच्यात एकच दिसतात. अरुंद करा."

त्यांनी केली, आणि बटण झर्रकन फिरवलं. काटा जेमतेम हलला.

"बघ. कुठंय तुझा दुसरा?"

अरुंद गाळणीला वेळ द्यावा लागतो. बटण सावकाश फिरवलं तरच काटा पुरता वर येतो. लांबून दोन बैलांच्या घंटा एकच वाटतात. उभं राहून ऐकत राहिलं की दोन कळतात, तसंच. एवढं साहेबांना ठाऊक नसेल? मला नाही पटत.

"सायेब, जरा थांबून बघा की," चुलते म्हणाले.

"मला अजून चार गावं आहेत."

बैल विकायला आलेला एक म्हातारा दारातून ओरडला, "आवो, बैल घेताना आमी दात बघतो, चालवून बघतो. तुमी तर शेपूट बघूनच दावं सोडलं!"

माणसं हसली. साहेब हसले नाहीत. बाजारातले दोघे पंच म्हणून धरून आणले, त्यांनी पंचनाम्यावर सह्या केल्या. उपकरण जप्त झालं, दुकानाला सील लागलं. नंतर एका पंचाला विचारलं तर म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? सायेब म्हनले, केली सही."

जीप चार गावांकडे गेलीच नाही. साखर कारखान्याच्या विश्रामगृहापुढे सावलीत उभी होती. कारखान्याकडेही वायरलेस आहे. तो कुणी तपासला?

चुलत्यांचं उपकरण कचेरीत कुलपात पडलंय, आणि चौकीतला हवालदार सांगतो, "शिट्टी अजून येतीच हाय." दुकान मात्र बंदच. चुलते आता दुसऱ्याच्या शेतात मोट दुरुस्त करतात.

तेव्हा ऐका. उद्या तुमच्या गावात जीप येईल, तुम्हालाही पंच म्हणून दंडाला धरून नेतील. गाळणी अरुंद करायला लावा. बटण सावकाश फिरवायला लावा. काटा तुमच्या डोळ्यांदेखत पुरता वर येऊन थांबेपर्यंत सही करू नका.